सहावी ते आठवीच्या बीजगणिताचा व भूमितीचा सराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात सहावी ते आठवीच्या मुलामुलींचा गणिताचा सराव घेताना पालक आणि विद्यार्थी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात आठवीपर्यंत गणिताचे पुस्तक एकत्रित असते आणि नववीपासून बीजगणित व भूमिती हे दोन स्वतंत्र भाग होतात. नववीत गेल्यावर गणित एकदम अवघड झाले असे ज्यांना वाटते, त्यांची अडचण बहुतेक वेळा सातवी-आठवीत कच्च्या राहिलेल्या दोन-तीन गोष्टींतच सापडते, असा माझा अनुभव आहे. पाठ्यपुस्तकात चलासाठी आणि बिंदूंच्या नावांसाठी रोमन अक्षरे असतात. येथे जुन्या मराठी रीतीप्रमाणे क्ष, य आणि अ, ब, क ही अक्षरे वापरली आहेत.

रोज किती उदाहरणे सोडवावीत?

सहा ते आठ उदाहरणे पुरेशी आहेत, मात्र ती एकाच प्रकारची नसावीत. एका सरावसंचातील तीस सारखी समीकरणे ओळीने सोडवली, तर पाचव्या-सहाव्या उदाहरणानंतर हात आपोआप चालू लागतो आणि विचार थांबतो. वही भरल्याचे समाधान मिळते, पण पंधरा दिवसांनी तेच समीकरण चाचणीत आले की पहिली पायरी कोणती घ्यावी हेच सुचत नाही. म्हणून आजच्या प्रकरणातील चार, मागील प्रकरणांतील दोन आणि पूर्वी चुकलेले निदान एक, अशी रोजची निवड करावी. चुकलेल्या उदाहरणांसाठी वेगळी वही ठेवावी. त्या वहीत उदाहरण, आपली चुकलेली पायरी आणि ती का चुकली याचे एक वाक्य, एवढेच लिहावे. आठ दिवसांनी उत्तर न पाहता ते उदाहरण पुन्हा सोडवावे आणि बरोबर आले तरच त्यावर खूण करावी. सरावाचा खरा भार मी या वहीवर टाकतो. बाकी सर्व वह्या तिच्यापुढे दुय्यम आहेत.

वर्गात सगळे समजते, पण घरी एकही उदाहरण सुटत नाही. असे का होते?

फळ्यावर उदाहरण सुटत असताना पुढची पायरी कोणती घ्यायची हा निर्णय शिक्षकांनी घेतलेला असतो. विद्यार्थी फक्त ती पायरी बरोबर आहे की नाही हे पडताळतो. घरी मात्र तो निर्णय त्याला स्वतःला घ्यावा लागतो आणि त्याचाच सराव झालेला नसतो. उपाय साधा आहे. पुस्तकातील सोडवलेले उदाहरण एकदा वाचून पुस्तक मिटावे आणि ते कोऱ्या कागदावर सोडवावे. जेथे अडेल तेथे पुस्तक उघडून फक्त पुढची एकच ओळ पाहावी, लगेच पुस्तक मिटावे आणि पुढे जावे. कितव्या ओळीला पुस्तक उघडावे लागले हे समासात लिहिले, तर आपले नेमके कोठे अडते हे चार-पाच दिवसांत कळते. शिकवणी लावण्याआधी पालकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

चिन्हांच्या चुका काही केल्या थांबत नाहीत. काय करावे?

बीजगणितातील ही सर्वांत मोठी अडचण आहे आणि तिला निष्काळजीपणा म्हणून मुलांना रागावणे योग्य नाही. एक उदाहरण पाहू.

5क्ष − 2(क्ष − 3) = 18

बरीच मुले पुढची ओळ 5क्ष − 2क्ष − 6 = 18 अशी लिहितात, त्यावरून 3क्ष = 24 आणि क्ष = 8 असे उत्तर काढतात. कंसाबाहेरचे वजा चिन्ह कंसातील पहिल्या पदापर्यंत पोहोचले आणि दुसऱ्या पदापर्यंत पोहोचलेच नाही. बरोबर ओळ 5क्ष − 2क्ष + 6 = 18 अशी आहे; त्यावरून 3क्ष = 12, म्हणजे क्ष = 4. आता हे उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहू: 20 − 2 × 1 = 18. दोन्ही बाजू जुळल्या. क्ष = 8 ठेवले असते, तर डावी बाजू 40 − 2 × 5 = 30 आली असती आणि चूक तेथेच उघड झाली असती. एवढा ताळा घेण्यास अर्धा मिनिट लागतो. समीकरणाची उकल मिळाल्यावर ताळा घेतल्याशिवाय पुढच्या उदाहरणाला हात लावायचा नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळायला लावतो.

चिन्हाचा अर्थ मात्र त्याआधी समजला पाहिजे. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम मांडले, तेव्हा धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज हाच अर्थ त्यामागे होता. आपण आजही तेच शब्द वापरतो, म्हणून मराठीतून शिकणाऱ्या मुलाला हा अर्थ बाहेरून आणावा लागत नाही. आईकडे 50 रुपये आहेत आणि तिला किराणा दुकानदाराचे 20 रुपये देणे आहे. दुकानदाराने त्यातील 3 रुपये सोडून दिले, तर आईची बाजू 3 रुपयांनी वाढते. कर्ज वजा झाले म्हणजे मिळकत वाढली. वजा 3 वजा केले की अधिक 3 का होतात, हे सहावीतील मूलही या हिशेबावरून सांगू शकते.

येथेच एका सवयीविषयी सांगितले पाहिजे. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे वाक्य मुले मंत्रासारखे पाठ करतात आणि मग 3क्ष = 12 येथेही 3 पलीकडे नेताना क्ष = 12 − 3 असे लिहून मोकळी होतात. पहिले दोन महिने तरी हे वाक्य वापरू देऊ नये. दोन्ही बाजूंना समान संख्या मिळवली, वजा केली किंवा दोन्ही बाजूंना शून्येतर समान संख्येने गुणले अथवा भागले, असे प्रत्येक ओळीपुढे शब्दांत लिहावे. ओळी वाढतात, वेळ लागतो. पण तराजूची दोन्ही पारडी समतोल ठेवण्याची कल्पना एकदा मनात बसली की संक्षेप नंतर आपोआप येतो.

वर्ग विस्ताराचे सूत्र पाठ आहे, तरी मधले पद राहून जाते. का?

कारण (अ + ब)² = अ² + 2अब + ब² हे सूत्र तोंडपाठ आहे, पण ते डोळ्यांसमोर कधी आलेले नाही. चौकटीच्या वहीत 10 घरे बाजूचा चौरस काढावा आणि प्रत्येक बाजू 7 आणि 3 अशी विभागून आडवी-उभी रेघ मारावी. आत चार तुकडे होतील: 49 घरांचा एक चौरस, 9 घरांचा दुसरा चौरस आणि प्रत्येकी 21 घरांचे दोन आयत. केवळ 49 आणि 9 मिळवले तर 58 होतात आणि 42 घरे हिशेबाबाहेर राहतात. तीच 42 घरे म्हणजे विसरलेले मधले पद. मी मुलांना हे दोन आयत रंगवायला सांगतो, आणि एकदा स्वतः रंगवलेला आयत सहसा विसरला जात नाही.

शाब्दिक उदाहरणांची भीती कशी घालवावी?

प्रथम हे मान्य करावे की शाब्दिक उदाहरणात गणिताइतकेच भाषेचे काम असते. नागपूरच्या मुलांना सहज कळेल असे उदाहरण घेऊ. एका विक्रेत्याने मोठी संत्री प्रत्येकी 8 रुपयांना आणि लहान संत्री प्रत्येकी 5 रुपयांना विकली. एकूण 60 संत्री विकून त्याला 396 रुपये मिळाले, तर मोठी संत्री किती होती?

येथे पुष्कळ विद्यार्थी पहिली ओळ ‘क्ष = मोठी संत्री’ अशी लिहितात. दिसायला हे निरुपद्रवी वाटते, पण पुढचा सारा गोंधळ येथूनच सुरू होतो, कारण क्ष हे संत्रे नसून ती एक संख्या आहे. ‘मोठ्या संत्र्यांची संख्या क्ष मानू’ असे पूर्ण वाक्य लिहिले की लहान संत्र्यांची संख्या 60 − क्ष आहे हे लगेच दिसते. मोठ्या संत्र्यांचे 8क्ष रुपये आणि लहान संत्र्यांचे 5(60 − क्ष) रुपये मिळाले, म्हणून

8क्ष + 5(60 − क्ष) = 396

यावरून 3क्ष + 300 = 396, 3क्ष = 96 आणि क्ष = 32. मोठी संत्री 32 आणि लहान 28. ताळा समीकरणात नव्हे, तर मूळ गोष्टीत घ्यावा: 32 संत्र्यांचे 256 रुपये, 28 संत्र्यांचे 140 रुपये, एकूण 396. समीकरणच चुकीचे मांडले असेल, तर त्यात उत्तर ठेवून पाहिल्याने ती चूक पकडता येत नाही.

दुसरी नेहमीची चूक वाक्य डावीकडून उजवीकडे जसेच्या तसे उतरवण्यामुळे होते. ‘क्ष ही संख्या य पेक्षा 5 ने मोठी आहे’ हे वाचून मुले क्ष + 5 = य असे लिहितात. अशा वेळी सोप्या संख्या घ्याव्यात: य 10 असेल, तर क्ष 15 असली पाहिजे. मग क्ष = य + 5 हेच बरोबर आहे, हे मूल स्वतःच सांगते. आठवड्यातून एक दिवस केवळ मांडणीचा ठेवावा. दहा शाब्दिक उदाहरणे वाचावीत, समीकरणे लिहावीत आणि एकही सोडवू नये. हा सराव फार कमी घरांत होतो, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

भूमितीत आकृती काढूनही उत्तर चुकते. याचे कारण काय?

आकृतीत जे दिसते आणि उदाहरणात जे दिलेले आहे, या दोन गोष्टींची गल्लत होते. त्रिकोण काढा असे म्हटले की जवळजवळ प्रत्येक मूल तिन्ही बाजू सारख्या दिसतील असाच त्रिकोण काढते आणि मग न दिलेले गुणधर्म त्याच्या मनात शिरतात. त्रिकोण अबक मध्ये बाजू अब = बाजू अक आणि कोन अ = 40°, तर कोन ब किती, असे विचारले असता आकृतीकडे पाहून 60° लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. समान बाजूंसमोरील कोन समान, म्हणून उरलेल्या 140° चे दोन समान भाग, म्हणजे 70°. येथे आकृतीचा काही संबंध नाही. यासाठी कच्ची आकृती मुद्दाम थोडी वेडीवाकडी काढावी, दिलेल्या समान बाजूंवर सारख्या खुणा कराव्यात आणि जे दिलेले नाही त्यावर कोणतीही खूण करू नये.

समांतर रेषा व छेदिका या प्रकरणासाठी मी एकच माहिती दोनदा वापरतो. समांतर रेषांना छेदिकेने छेदल्यावर मिळणाऱ्या दोन कोनांची मापे (3क्ष − 10)° आणि (2क्ष + 25)° आहेत. हे संगत कोन असतील, तर ते समान आहेत, म्हणून क्ष = 35 आणि प्रत्येक कोन 95°. हेच छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन असतील, तर त्यांची बेरीज 180°, म्हणून 5क्ष + 15 = 180, क्ष = 33 आणि कोन 89° व 91°. संख्या त्याच, उत्तरे वेगळी. कोनांची जोडी ओळखल्याशिवाय समीकरण मांडण्यात अर्थ नाही, हे या जोडउदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके वीस सुट्या उदाहरणांवरून होत नाही.

प्रमेये आणि कसोट्या पाठ कराव्यात का?

विधाने पाठ असलीच पाहिजेत, सिद्धता पाठ करू नयेत. एकरूपतेच्या बाबाबा (बाजू-बाजू-बाजू), बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोबाको (कोन-बाजू-कोन) या कसोट्यांची नावे मुलांना येतात, पण बाकोबामध्ये कोन त्या दोन बाजूंनी समाविष्ट केलेलाच का हवा, हे विचारले की ती गप्प होतात. दोन बाजू आणि समाविष्ट नसलेला एक कोन घेऊन त्रिकोण काढायला सांगावे. पुष्कळदा एकाच मापांचे दोन वेगळे त्रिकोण कागदावर येतात आणि प्रश्न तेथेच संपतो. सिद्धता लिहिताना प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लिहिण्याची सवय आठवीतच लागली पाहिजे, कारण नववी-दहावीच्या भूमितीत त्या कारणालाही गुण असतात.

घरी मोठ्यांना बीजगणित येत नसेल तर मदत कशी करावी?

मदत करता येते आणि ती उत्तम होऊ शकते. मुलाला उदाहरण मोठ्याने वाचायला सांगावे आणि तीनच प्रश्न विचारावेत: काय दिले आहे, काय काढायचे आहे, ही ओळ तू कशावरून लिहिलीस? उत्तर बरोबर की चूक हे सांगण्याची गरज नसते. समजावून सांगताना मूल स्वतःच थांबते आणि खोडरबर हातात घेते. इतवारीत दुकान सांभाळणारी एक आई रात्री हिशेब करता करता मुलीला हे तीन प्रश्न विचारत असे. त्या मुलीच्या वहीतील कारणांचे रकाने माझ्या वर्गात सर्वांत नेमके असत.

उत्तरसूची केव्हा पाहावी?

ताळा घेऊन झाल्यावर. उत्तर जुळले नाही, तर उदाहरण खोडू नये. चुकलेली ओळ शोधून तिच्याखाली रेघ ओढावी आणि शेजारी नव्याने सोडवावे.

हे सर्व शिकून प्रत्यक्षात उपयोग काय, असे मूल विचारते. काय सांगावे?

हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचे उत्तर आपल्याच परिसरात आहे. विल्यम लॅम्टन यांनी 1802 मध्ये मद्रासजवळ सुमारे 12 किलोमीटर लांबीची एक पायारेषा अत्यंत काटेकोरपणे मोजली आणि भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. पुढे प्रत्येक अंतर साखळीने मोजावे लागले नाही. एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन ठाऊक असले की त्रिकोण निश्चित होतो. मग त्याच्या बाजूवर दुसरा त्रिकोण, दुसऱ्यावर तिसरा, असे करत देशभर त्रिकोणांचे जाळे विणले गेले. आठवीच्या पुस्तकात जी कोबाको कसोटी एका ओळीत येते, तिच्यामागची हीच कल्पना आहे. नागपूरकडे येत असताना 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्टन यांचे निधन झाले. आपल्या शहरातील शून्य मैलाचा दगड याच सर्वेक्षणाच्या परंपरेतील मानला जातो. मुलांना तो दाखवायला न्यावे, आणि नेताना ही कसोटी आधी सांगावी.

त्याहून जवळचे उदाहरण घराच्या बांधकामावर मिळते. पाया आखताना गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फुटांवर आणि दुसरीवर 4 फुटांवर खूण करतो आणि दोन खुणांमधील अंतर बरोबर 5 फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. 9 + 16 = 25 हे तो लिहून दाखवत नाही, पण कोपरा काटकोनात आला हे त्याला पक्के माहीत असते. येथे वापरला जातो तो पायथागोरसच्या सिद्धांताचा व्यत्यास, म्हणजे त्याचे उलट विधान, आणि सिद्धांत व व्यत्यास यांतला फरक समजावण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही.

सेमी इंग्रजीच्या मुलांनी मराठी संज्ञा शिकाव्यात का?

परीक्षा इंग्रजीत द्यायची असली तरी शिकाव्यात. मराठी संज्ञांत व्याख्याच दडलेली असते: समद्विभुज म्हणजे दोन भुजा समान, समांतरभुज म्हणजे समोरासमोरच्या भुजा समांतर, लंबदुभाजक म्हणजे लंबही आणि दुभागणाराही. वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही भाषांतील शब्द समोरासमोर लिहून ठेवावेत.

शिष्यवृत्ती परीक्षेसाठी वेगळा सराव लागतो का?

वेगाचा सराव वेगळा लागतो, गणिताचा नाही. बहुपर्यायी प्रश्नात चारही पर्याय समीकरणात ठेवून उत्तर शोधणे परीक्षेच्या दिवशी चालेल. सरावात मात्र पर्याय हाताने झाकून उदाहरण सोडवावे आणि मगच पर्याय पाहावेत. चुकीचे पर्याय बहुधा नेहमीच्या चुकांवरूनच तयार केलेले असतात. वरील पहिल्या समीकरणासाठी 4 या पर्यायासोबत 8 हाही पर्याय असणारच, असे धरून चालावे. वेळ लावून सराव शेवटच्या दोन महिन्यांतच सुरू करावा.

भौमितिक रचना नीट येत नाहीत. मुलाला चित्रकला जमत नाही म्हणून असे होते का?

नाही. बहुतेक वेळा दोष कंपासपेटीत असतो. कंपासचा स्क्रू सैल असेल, तर वर्तुळ काढताना त्रिज्या बदलते आणि वर्तुळ सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळत नाही. कंपासमध्ये आखूड पेन्सिल लावून तिचे टोक लोखंडी टोकाच्या पातळीत आणावे, कागदाखाली दुसरी वही ठेवावी आणि कंपास वरच्या मुठीला धरून फिरवावा. अंतर पट्टीच्या कडेपासून न घेता शून्याच्या खुणेपासून घ्यावे, ही बाब क्षुल्लक वाटते, पण आमच्याकडे दर वर्षी निम्म्या चुका येथेच निघतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सराव घ्यावा का?

घ्यावा, पण थोडा आणि सकाळी. मे महिन्यात नागपूरचे तापमान 45 अंशांवर जाते तेव्हा दुपारी कूलरसमोर बसवून मुलाकडून उदाहरणे सोडवून घेण्यात कोणाचेच हित नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, म्हणून सुट्टी मोठी असते आणि सराव पूर्ण बंद ठेवला तर जूनअखेरीस चिन्हांचे नियमसुद्धा नव्याने सांगावे लागतात. सकाळी सातच्या आत अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस, आणि तेही नवीन प्रकरण न घेता केवळ चुकलेल्या उदाहरणांच्या वहीतून. ज्या उदाहरणावर खूण झालेली नाही तेथून सुरुवात करावी. वही संपली तर उरलेली सुट्टी मुलाची.